कागदाखालचा केस

वस्ताद आलेल्या माणसाकडे आधी बघत नसत. त्याने दाराशी काढलेल्या चपलांकडे बघत. चप्पल उचलून उलटी करत, टाच कुठल्या बाजूने झिजली आहे ते पाहत, आणि मग आत येऊन बसलेल्या माणसाला म्हणत, "गुडघा दुखतोय म्हणता, पण दुखणं कंबरेचं आहे. गुडघा बिचारा तिच्या वाटचं काम करतोय." माणूस थक्क होऊन बघत राही. "थक्क नंतर व्हा. आधी भिंतीला टेकून उभे राहा."

मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझीही चप्पल त्यांनी उलटी केली. माझं काही दुखत नव्हतं, हे सांगायचं मला सुचलं नाही. अंगठ्याशी शिवलेली ती चप्पल त्यांच्या हातात बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बसमध्ये उभ्याने येता," ते म्हणाले. "लांबून. आणि डाव्या हाताने दांडा धरता."

"वाघोलीहून येते."

"मग वाघोलीच म्हणू तुम्हाला. नावं विसरतो मी. बसचे मार्ग विसरत नाही."

तेव्हापासून त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. तालमीत कुणालाच मारत नसत. माझ्या वर्गातली जी मुलगी मला तिथे घेऊन गेली होती, तिला ते 'येरवडा' म्हणत. ती वैतागायची. "वस्ताद, शिक्षा भोगून आल्यासारखं वाटतं हो!"

"वागणूक सुधारा," ते शांतपणे म्हणत, "मग सुटकेचं बघू."

आमच्यापेक्षा पन्नास वर्षांनी मोठा असलेला हा माणूस आम्हाला 'अहो' म्हणायचा. आमच्या घरी मला कुणी कधी 'अहो' म्हटलं नव्हतं. पहिले काही दिवस ते दुसऱ्या कुणाशी बोलतायत असं वाटून मी मागे वळून बघायची.

मी तालमीत का जायला लागले, हे खरं सांगायचं तर त्यात शौर्याचं काही नाही. नंतरच्या बसमध्ये चढताही येत नसे, म्हणून मी पहाटेची बस धरत असे. ती सातच्या आत गावात सोडायची, आणि पहिलं लेक्चर साडेनऊला. लायब्ररी दहाला उघडायची. कँटीनमध्ये काही न घेता किती वेळ बसायचं, ते मला कळत नसे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. अशा गोष्टी विचारायला घरात कुणी नव्हतं. येरवडा म्हणाली, "माझ्याबरोबर चल, मी लाठी शिकते." मी गेले. वस्तादांनी विचारलं, कशासाठी आलात? मी म्हणाले, "बसायला जागा नाही म्हणून."

ते हसले नाहीत. "बसायला आलात ना? मग बसा," म्हणाले, आणि माझ्यापुढे एक फरशी ठेवली. येरवड्याच्या वेणीतला एक लांब केस मागून घेतला, फरशीवर ठेवला, त्यावर वर्तमानपत्राचं एक पान पसरलं. "डोळे मिटा. केस कसा पडलाय ते बोटाने शोधा."

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण त्यांच्या तालमीत काठी हातात यायच्या आधी प्रत्येकाला हे करावं लागे. आधी एक पान, मग दोन, मग तीन. केस आडवा आहे की तिरपा, कुठे वळलाय, कुठे संपलाय. मला एका पानाखालचा केस सापडायला अकरा दिवस लागले. त्यानंतर तेल लावून एकमेकींच्या मनगटावर, पोटरीवर हात फिरवायचा. काठी मिळाली ती तीन महिन्यांनी. वस्तादांना स्वतःला सात पानांखालचा केस लागायचा. मी पाहिलंय. डोळे मिटून, मधलं बोट अगदी सावकाश सरकवत ते म्हणत, "इथे गाठ आहे. केस कोरडा आहे. वाघोली, डोक्याला तेल लावत जा."

मी एकदा धीर करून विचारलं, "वस्ताद, आधी काठी आणि मग हे, असं का नाही?"

"हात मारायला आपोआप शिकतो. त्याची काळजी करू नका. बरं करायला शिकवावं लागतं, आणि ते नंतर शिकवलं तर शिकत नाही."

तालीम नारायण पेठेत, दोन उंच इमारतींच्या मध्ये अडकलेली. आत लाल मातीचा हौदा. त्या मातीत हळद, ताक, तेल, कापूर घालून मुलं ती खोऱ्याने वरखाली करत. ज्या मातीवर माणूस पडतो तिनेच त्याचं खरचटलेलं भरून यावं, असा त्यामागचा हिशेब. हौद्यात कुस्ती मुलांची. आम्हा मुलींची लाठी मागच्या अंगणात. वस्ताद एका शाळेत क्लार्क होते, तिथून रिटायर झालेले. तालीम त्यांच्या वडिलांकडून आलेली, आणि हाडं बसवण्याची विद्याही. आठ वाजता आमचं संपे, आणि तोवर ओट्यावर माणसं येऊन बसलेली असत. मुरगळलेला पाय, निखळलेला खांदा, धरलेली मान. मोडलेल्या हाडाला ते हात लावत नसत. आधी एक्स-रेचा फोटो काढून या म्हणत, मोडलं असेल तर हॉस्पिटल दाखवत. याबाबतीत ते फार कडक होते. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं वाचून कुणी त्यांना भोंदू समजू नये.

त्यांच्याकडे एक सायकल होती. तिच्यावर बसलेलं त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. ती हाताने ढकलत ते घरून तालमीत येत आणि तशीच ढकलत परत नेत. कुणी विचारलंच तर म्हणत, "पिशवी अडकवायला घेतलीय." भिंतीला ते कधी टेकत नसत. आणि गप्पा मारत मालिश केलेली त्यांना चालत नसे.

एकदा हिंजवडीतल्या कंपनीतला एक तरुण मान धरली म्हणून आला. बरोबर मित्र, मित्राच्या हातात मोबाईल. तो तरुण म्हणाला, "सर, ते मान वळवून कट्ट आवाज काढतात ना, तसं करा. ह्याला रील बनवायचंय."

वस्तादांनी त्याच्या मानेवर दोन बोटं ठेवली आणि तशीच ठेवली. पाच मिनिटं काहीच केलं नाही. मित्र मोबाईल धरून कंटाळला. शेवटी तो तरुण म्हणाला, "सर, आवाज?"

"आवाज पाहिजे असेल तर कोपऱ्यावरून चिवडा घेऊन खा. मान वळवून बघा."

मान वळत होती. मित्राला शूट करण्यासारखं काही मिळालंच नव्हतं.

तालमीचा एक नियम होता. कुणाच्या काठीने, कुणाच्या डावाने दुसऱ्याला लागलं, तर ज्याच्या हातून लागलं त्यानेच एकवीस दिवस ते दुखणं चोळायचं. मुद्दाम लागलं की चुकून, हा प्रश्नच नाही. माझी काठी येरवड्याच्या अंगठ्यावर बसली तेव्हा ती आठ दिवस माझ्याशी बोलत नव्हती, पण सकाळी सव्वासातला अंगठा मात्र पुढे करायची. मी तेल लावायची, ती दुसरीकडे बघत बसायची. नवव्या दिवशी म्हणाली, "किती भित्र्यासारखी चोळतेस गं, दाब की जरा!" आणि आम्ही दोघी हसलो. वस्ताद लांबून म्हणाले, "येरवडा, बोलणं सुरू झालं म्हणजे अंगठा बरा झाला असं नाही."

चोळताना पाळायची त्यांची गोष्ट एकच. सांधा गरम लागला की हात उचलायचा. कितवा दिवस आहे ते बघायचं नाही, दुखणाऱ्याला विचारायचं नाही. आत काहीतरी बिनसतंय, एवढं त्या ऊनपणातून कळतं, म्हणायचे. त्या दिवशी चोळणं बंद, आणि पुन्हा थंड होईपर्यंत बंद.

आता जे सांगायचं आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही. येरवड्यालासुद्धा नाही.

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. वस्ताद बिनसाखरेचा चहा स्टीलच्या पेल्यातून घेत. एकदा नुकताच ओतलेला चहा होता. मी माझा पेला ओढणीत धरला होता तरी चटका बसत होता. वस्तादांनी त्यांचा पेला उघड्या बोटांनी धरला, आणि एका माणसाला पायाचा व्यायाम समजावत तो तसाच धरून राहिले. नंतर त्यांच्या दोन बोटांवर फोड आले. त्यांनी ते पाहिले आणि मूठ मिटली. त्यांना साखर होती हे सगळ्यांना माहीत होतं. साखरेने बोटांचं असं होतं, हे मला माहीत नव्हतं. मी मोबाईलवर शोधून वाचलं.

त्यानंतर मी बघायला लागले. केस शोधायचा झाला की ते स्वतः शोधून दाखवत नसत. नव्या मुलींना शोधायला लावत, आणि मुलगी 'इथे' म्हणाली की म्हणत, "बरोबर." एकदा मी चार पानांखालचा केस शोधत होते. मला तो स्पष्ट लागला, उजवीकडे तिरपा. मी का तसं केलं कुणास ठाऊक. मी बोट डावीकडे नेलं आणि म्हणाले, "इथे, आडवा."

त्यांनी त्या जागेवर बोट फिरवलं. दोनदा फिरवलं.

"बरोबर," ते म्हणाले.

मी पानं उचलली नाहीत. उचलली असती तर केस दिसला असता. पुढच्या मुलीसाठी फरशी सरकवली आणि हात धुवायला गेले. नळाखाली हात धरून पुष्कळ वेळ उभी होते. कुणाला सांगायचं? मी कोण? बसायला जागा नाही म्हणून आलेली मुलगी. ओट्यावर माणसं बसली होती, आणि एकेकाच्या खांद्यावर, घोट्यावर ते हात ठेवत होते. डोळे मिटून, अगदी पूर्वीसारखेच.

माणसं बरीही होत होती. ते चपलांवरून ओळखत, चालीवरून ओळखत, चेहऱ्यावरून ओळखत. पन्नास वर्षांत हात इतके तयार झालेले होते की बोटांना न कळताही ते बरोबर जागी जात. मला वाटलं, चालेल. आपण गप्प बसावं. मोठ्या माणसाचं असं काही काढू नये.

संक्रांतीनंतर माझी आई पडली.

आई वाघोलीत कॉलेजच्या मुलांच्या मेसमध्ये पोळ्या लाटायची. सकाळ-संध्याकाळ. माझी फी त्या पोळ्यांतूनच निघायची. वडील एका सोसायटीत वॉचमन आहेत, त्यांच्या पगारात घर चालतं. मेसच्या ओल्या फरशीवर पाय घसरला आणि आई उजव्या हातावर पडली. जवळच्या दवाखान्यात फोटो काढला. हाड मोडलं नव्हतं, कोपर निखळलं होतं. डॉक्टर म्हणाले, मोठ्या हॉस्पिटलात न्या, भूल देऊन बसवतील.

"भूल नगं," आई म्हणाली. "तुझ्या वस्तादाकडं ने. रोज सांजच्याला त्येंचंच तर सांगतीस."

खरंच सांगायची मी. त्या घरात माझ्याजवळ सांगण्यासारखं तेवढंच होतं. लेक्चरमधलं काय सांगणार? वस्ताद आज असं म्हणाले, वस्तादांनी आज एकाचा खांदा बसवला. आई लाटणं धुता धुता ऐकायची.

रिक्षात मी तिचा हात ओढणीत धरून बसले होते. सांगायचं एकच वाक्य होतं. आई, त्यांची बोटं गेलीत. येरवड्याच्या पुलाजवळच्या सिग्नलला रिक्षा बराच वेळ थांबली. तेवढा वेळ पुरला असता. मी म्हणाले, "दुखतंय का फार?" ती म्हणाली, "न्हाय गं, तू नगं घाबरू."

वस्तादांनी फोटो उजेडात धरला. आईचा हात हातात घेतला. "बाई, पोळ्या कशा लाटता? जाड की पातळ?"

"पातळच की. पोरास्नी जाड आवडत न्ह—"

कट्ट. कोपर बसलं. आई ओरडलीसुद्धा नाही, नुसती वस्तादांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "झालं?" ओट्यावरचे सगळे हसले. मीही हसले. मला इतकं हलकं वाटलं! वाटलं, मीच वेडी. काही झालेलं नाही यांच्या हातांना.

दहा दिवस बांबूच्या कामट्या आणि पट्टी. नंतर चोळणं. आई आपली आपण पडली होती, तेव्हा चोळायचं कुणी? "घरात हात तयार आहे," वस्ताद माझ्याकडे बघून म्हणाले. "वाघोली चोळतील. एकवीस दिवस. दर तीन दिवसांनी मला दाखवायचं."

त्यांनी असं म्हटल्यावर मला किती अभिमान वाटला, ते आता लिहायची लाज वाटते.

आठव्या की नवव्या दिवशी कोपर गरम लागलं. पुढच्या बाजूला, सांध्याच्या जरा वर, आत काहीतरी घट्टही लागत होतं. मी हात उचलला. दुसऱ्या दिवशी दाखवायचंच होतं. बसने आईला घेऊन गेले आणि म्हणाले, "वस्ताद, गरम लागतंय."

ते पुढे झाले. आईच्या कोपरावर पंजा ठेवला, डोळे मिटले. मी त्यांच्या बोटांकडे बघत होते. फोडाचे डाग अजून होते.

"छे," ते म्हणाले. "थंड आहे. तुमचेच हात गार आहेत. सकाळच्या बसला खिडकी उघडी ठेवता, त्यामुळे तुम्हाला गरम लागतंय. सोडू नका, हात आखडेल. जोर थोडा वाढवा."

माझे हात गार होते हे खरं होतं. खिडकी उघडी होती हेही खरं. मी स्वतःला तेच सांगितलं. पाच पानांखालचा केस ज्या बोटांना लागत होता, ती बोटं मला सांगत होती की गरम आहे. आणि ज्यांना काहीच लागत नव्हतं हे मला माहीत होतं, ती सांगत होती की थंड आहे. मी त्यांचं ऐकलं. ते वस्ताद होते.

मी जोर वाढवला. बारा दिवस.

आई पदर दातांत धरायची. मी विचारलं तर म्हणायची, "चांगलं वाटतंय."

एकवीस दिवसांनी हात काटकोनात होता. पुढे जाईना, मागे येईना. वस्ताद म्हणाले, "सुटेल, वेळ लागतो." फेब्रुवारी संपला. शेवटी वडिलांनी रजा टाकली आणि मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला आणि पडद्यावर दाखवला. कोपराच्या पुढे, जिथे नुसतं मांस असायला हवं, तिथे पांढरा ढग.

"हे हाड आहे," त्या म्हणाल्या. "स्नायूत नवीन हाड तयार झालंय. कोपर चोळलं होतं का?"

"हो."

"कोणी?"

"मी."

त्या रागावल्या नाहीत. माझ्या खांद्याला लावलेल्या कॉलेजच्या बॅगकडे त्यांनी एकदा बघितलं. "निखळलेलं कोपर चोळायचं नसतं गं. कोणीतरी सांगायला हवं होतं तुला." ऑपरेशन वर्षभराने बघता येईल म्हणाल्या, पण हात पूर्ण सुटेलच असं नाही. तोवर चोळायचं नाही, ओढायचं नाही, जेवढा हलेल तेवढा आपला आपण हलू द्यायचा.

मेसमध्ये आईच्या जागी दुसरी बाई आली. आईला त्यांनी तांदूळ निवडायला ठेवलं, निम्म्या पगारावर.

मी तो फोटो घेऊन तालमीत गेले. सगळी जाईपर्यंत थांबले. वस्तादांनी फोटो खिडकीशी धरला आणि फार वेळ धरून ठेवला.

"हे माझं काम आहे," ते म्हणाले.

"चोळलं मी, वस्ताद."

"मी सांगितलं म्हणून." मग फोटो खाली घेत, "तुम्हाला गरम लागलं होतं."

"हो."

"आणि माझ्या बोटांचं तुम्हाला माहीत होतं."

मी मान हलवली.

"कधीपासून?" दुखणं कधी सुरू झालं, असं विचारतात ना, तसं त्यांनी विचारलं.

"दिवाळीच्या आधीपासून. मी केस चुकीचा दाखवला होता. तुम्ही बरोबर म्हणालात."

"चुकीचा दाखवलात, हे तुमच्या चेहऱ्यावरून कळलं होतं मला," ते म्हणाले. "म्हटलं, पोरगी शहाणी आहे, बोलेल उद्या. मग रोज वाटायचं, आज बोलेल."

मला रडू आलं. मी म्हणाले, "तुम्हीच का नाही बोललात?"

त्यांनी फोटो पाकिटात घातला. पाकिटाचं तोंड त्यांना पटकन सापडेना. "आठ वाजता ओट्यावर माणसं येऊन बसतात. त्यांना काय सांगू? शाळेतला रिटायर क्लार्क आहे, या, बसा?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी हात लावायचं बंद केलं. आलेल्यांना सांगायचे, हात गेले माझे, हॉस्पिटलात जा. कुणाला ते खरं वाटेना. लोकांना वाटे, म्हातारपणी विरक्ती आली. एक गृहस्थ तर ओट्यावरून उठेचनात. "वस्ताद, तुम्ही नुसता हात लावा हो. बाकीचं आम्ही बघून घेऊ." वस्तादांनी दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले आणि ते गृहस्थ जाईपर्यंत तसेच उभे राहिले.

आणि ते रविवारी वाघोलीला यायला लागले.

नियम त्यांचाच होता. पण या दुखण्याला हात लावायचा नव्हता. ते काय करणार? ते यायचे. बस बदलून, उन्हातून चालत. आमच्या खोलीत चटईवर भिंतीपासून हातभर लांब ताठ बसायचे. आईच्या कोपराकडे बघायचे. "हलतंय का?" आई म्हणायची, "व्हय, लई हललंय." हललेलं नसायचं. कधी आई विचारायची, बसला गर्दी होती का. कधी ते विचारायचे, पाणी किती वाजता येतं. मला खोलीत बसवेना आणि बाहेरही जाववेना.

मी भाकरी करायची. एकीकडे जाड, एकीकडे पातळ. आई पहिलं ताट त्यांच्यापुढे ठेवायला लावायची.

"आपणही बसा," वस्ताद म्हणायचे.

"माझा उपास हाय."

आईचा हात तोंडापर्यंत जात नाही. काटकोनात अडकलेला उजवा हात छातीशी येऊन थांबतो. ती डाव्या हाताने जेवते, पण परक्या माणसासमोर नाही. रोज वडील आणि मी एवढेच असलो तरी ती भिंतीकडे तोंड करून बसते. वडिलांनी एकदा म्हटलं, चमचा घे. दुसऱ्या दिवशी चमचा डब्याच्या मागे टाकलेला सापडला.

दुसऱ्या रविवारी पुन्हा उपास. तिसऱ्या रविवारी वस्ताद म्हणाले, "दर रविवारी कसला उपास करता?"

"पोरीच्या परीक्षेचा," आई हसून म्हणाली. "पास हुईस्तोर धरलाय."

वस्ताद तिच्याकडे बघत राहिले. तिच्या कोपराकडे, मग मनगटाकडे, मग हनुवटीकडे. चालत आलेल्या माणसाला बघायचे तसं, अंतर मोजल्यासारखं. मला वाटलं, आता ते ताट सरकवणार. त्यांनी सरकवलं नाही. खाली मान घालून सगळं संपवलं. आणि म्हणाले, "अर्धी भाकरी आणखी घेतो. वाघोलींना जमायला लागल्यात."

जाताना त्यांनी आईला वाकून नमस्कार केला. आई लाजली. "आवं, ह्ये काय, म्या ल्हान हाय तुमच्याहून."

पुढच्या रविवारी मी नेहमीसारख्या भाकरी केल्या. आई दारात बसून राहिली. अकराची बस गेली, बाराची गेली. एकच्या बसमधून उतरलेली माणसं रस्त्याच्या वळणापर्यंत ती निरखत होती. दीड वाजता ती आत आली.

"तुझ्या भाकरीच चिवट," ती म्हणाली. "म्हाताऱ्या मानसानं किती चावाव्या?"

ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि जेवली. तेव्हापासून वस्ताद आलेले नाहीत. आता रविवारीही आई वेळेवर जेवते.